स्प्लिट लावताय? आधी कान, मग नॉब, सगळ्यात शेवटी पीटीटी

हौशी रेडिओवर (हॅम) दुर्मिळ ठिकाणाहून एखादं स्टेशन हवेत आलं की पहिल्या दहा मिनिटांत ठरलेला प्रकार ऐकू येतो. डीएक्स, म्हणजे ते दूरचं स्टेशन, शांतपणे आपला कॉलसाइन (परवान्यावरची ओळख-अक्षरं) देतो, 'अप' म्हणतो (म्हणजे 'माझ्या फ्रिक्वेन्सीच्या वर हाक मारा'), आणि त्याच क्षणी त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी पूर्ण ताकदीने स्वतःचा कॉलसाइन ठोकून देतो. त्याला 'अप, अप!' म्हणून दटावणारे चौघं येतात. त्या चौघांना गप्प करायला आणखी दोघं. या कलकलाटात डीएक्सने कुणाला उत्तर दिलं हे कुणालाच कळत नाही, आणि ज्याला उत्तर दिलं त्यालाही नाही.

तो पहिला ओरडणारा दरवेळी नवखा असतो असंही नाही. स्प्लिट म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं, बटणही बहुधा त्याने दाबलेलं असतं. चुकलेला असतो तो क्रम. हाक मारायची, म्हणजे पीटीटी (बोलायचं बटण) दाबायची घाई आधी आणि 'माझा ट्रान्समीटर आत्ता कुठे उभा आहे' हा प्रश्न नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. पहिल्या काही वेळा कंटाळा आला तरी एकही टप्पा गाळू नका.

टप्पा १: स्प्लिट आहे की नाही, हे आधी ओळखा

स्प्लिटमध्ये ऐकायची फ्रिक्वेन्सी एक आणि बोलायची दुसरी. समजा डीएक्स १४.१९५ मेगाहर्ट्‌झवर बोलतोय आणि १४.२०० ते १४.२१० या पट्ट्यात ऐकतोय. तुमच्या रिगने (रेडिओ सेटने) याच्या बरोब्बर उलट करायचं: १४.१९५ वर ऐकायचं आणि वरच्या पट्ट्यात कुठेतरी बोलायचं. हाका मारणारे शेकडो जण डीएक्सच्या फ्रिक्वेन्सीवरून बाजूला गेल्यामुळे तो सगळ्यांना स्वच्छ ऐकू येतो. एवढाच त्याचा उद्देश.

डीएक्स हे सांगतो कसं? मोर्समध्ये 'अप', 'अप २' किंवा क्यूएसएक्स आणि पुढे आकडा. क्यूएसएक्स म्हणजे 'मी अमुक फ्रिक्वेन्सीवर ऐकतोय'. एसएसबीवर (आवाजी बोलण्याच्या मोडवर) 'फाइव्ह अप', 'फाइव्ह टू टेन अप' किंवा 'लिसनिंग टू हंड्रेड टू टू टेन'. हा शेवटचा प्रकार नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो. '२०० ते २१०' हे डायलवरचे किलोहर्ट्‌झ असतात, म्हणजे १४.२०० ते १४.२१०. '५ ते १०' मात्र डीएक्सच्या फ्रिक्वेन्सीपासून मोजायचे. तो १४.१९५ वर असेल तर त्याचं उत्तर १४.२०० ते १४.२०५ येतं.

क्वचित 'डाउन' असं येतं. वर बँडची (हौशींना दिलेल्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्याची) सीमा जवळ असेल किंवा वरच्या बाजूला आधीच दुसरं संभाषण चालू असेल, तर डीएक्स खाली ऐकतो. कान सवयीने 'अप' ऐकतो, म्हणून आकड्याआधीचा शब्द नीट ऐका.

खरी अडचण येते तो काहीच सांगत नाही तेव्हा. प्रत्येक संपर्कानंतर 'अप' म्हणणं हे चांगल्या ऑपरेटरचं लक्षण, पण सगळेच चांगले नसतात, आणि दमलेला ऑपरेटर दहा-दहा संपर्क नुसतं 'थँक यू' म्हणून पुढे जातो. अशा वेळी माझा नियम सोपा आहे: डीएक्स ऐकू येतोय, तो कुणाशी तरी बोलतोय, पण पलीकडचा आवाज त्या फ्रिक्वेन्सीवर येत नाही, तर स्प्लिट आहे असं धरूनच चालायचं.

यावर कुणी म्हणेल, पलीकडचा माझ्या स्किप झोनमध्ये असेल. अगदी शक्य आहे. शॉर्टवेव्हवर तुमच्यापासून शे-दोनशे किलोमीटरवरचं स्टेशन बऱ्याचदा तुम्हाला ऐकूच येत नाही, पण हजारो किलोमीटर दूरच्या डीएक्सला ते ठणठणीत ऐकू जातं. म्हणून तर फ्रिक्वेन्सी 'मोकळी' वाटली म्हणून हाक मारणं धोक्याचं. मोकळी ती फक्त तुमच्या कानाला आहे. किमान तीन-चार पूर्ण संपर्क ऐका. त्या वेळात डीएक्स कधी ना कधी 'अप' म्हणतो, नाहीतर कुणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर उत्तर देताना सापडतं.

> तपासा: डीएक्सचा कॉलसाइन तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला का? क्लस्टरवर (कोण कुठे ऐकू येतंय याची ऑनलाइन यादी) लिहिलेला कॉलसाइन चुकीचा असू शकतो. डीएक्स ऐकूच येत नसेल तर हाक मारू नका. त्याने उत्तर दिलं तरी ते तुम्हाला कळणार नाही, आणि तोवर तुम्ही दुसऱ्यांचे संपर्क तोडत बसाल.

टप्पा २: रिगची तयारी, तीही डीएक्स नसताना

स्प्लिटचं बटण शोधायला पाइलअप (एका डीएक्सला हाका मारणाऱ्यांची झुंबड) ही चुकीची जागा आहे. निवांत वेळी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा भार) जोडा, पॉवर अगदी कमी करा आणि पुढची क्रिया हाताला सवय होईपर्यंत करा.

१. रिगमधल्या दोन व्हीएफओंपैकी (फ्रिक्वेन्सी ठरवणारे भाग) ए वर एखादी फ्रिक्वेन्सी लावा. ही ऐकण्याची.

२. 'ए=बी' दाबा. म्हणजे व्हीएफओ बी वर तीच फ्रिक्वेन्सी आणि तोच मोड येतो. ही पायरी गाळणारे पुष्कळ. मग बी वर कालचा ४० मीटर बँड तसाच राहिलेला असतो, किंवा फ्रिक्वेन्सी बरोबर असते पण मोड मोर्सचा. माइकवर घसा कोरडा पडेपर्यंत ओरडलं तरी अँटेनातून काही जात नाही.

३. स्प्लिट चालू करा. पडद्यावर स्प्लिटची खूण आली पाहिजे आणि ट्रान्समिटचं चिन्ह बी समोर गेलं पाहिजे.

४. बी ५ किलोहर्ट्‌झ वर न्या.

५. क्षणभर पीटीटी दाबा आणि पडद्याकडे बघा. आकडा बदलून बीचा झाला का? सोडल्यावर परत एचा आला का?

पाचवी पायरी म्हणजे सगळ्याचा कस. बऱ्याच रिगमध्ये बटण थोडा वेळ दाबून धरलं की दुसऱ्या ते चौथ्या पायरीचं काम एका झटक्यात होतं. त्याला क्विक स्प्लिट म्हणतात. त्यात आधीपासून किती किलोहर्ट्‌झचं अंतर भरून ठेवलंय ते मेन्यूत बघा. फोनसाठी (म्हणजे आवाजी संपर्कासाठी) ठेवलेले ५ किलोहर्ट्‌झ मोर्सला तसेच लागू झाले तर तुम्ही पट्ट्याच्या बाहेर हाका मारत बसाल.

आणखी एक बटण आत्ताच शोधून ठेवा: स्प्लिट चालू असताना दाबून धरलं की ट्रान्समिटच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकवणारं. आयकॉमवर त्याला एक्सएफसी म्हणतात, केनवुडवर टीएफ-सेट, येसूच्या बऱ्याच रिगवर टीएक्सडब्ल्यू. दाबलं की पाइलअप, सोडलं की डीएक्स. पुढच्या टप्प्यातलं निम्मं यश या एका बटणावर अवलंबून आहे. दुसरा रिसीव्हर असलेली रिग असेल तर याहून छान: हेडफोनच्या एका कानात डीएक्स, दुसऱ्यात पाइलअप.

जुन्या किंवा साध्या रिगवर दोन व्हीएफओ नसतील तर एक्सआयटी किंवा आरआयटी वापरता येतं. बहुतेक रिगवर दोन्ही साधारण १० किलोहर्ट्‌झपर्यंतच सरकतात, तेव्हा रुंद पाइलअपला ते पुरेलच असं नाही. दोन्हींतला फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. एक्सआयटी फक्त बोलणं सरकवतं, आरआयटी फक्त ऐकणं. मुख्य डायल डीएक्सवर ठेवून एक्सआयटीने वर गेलात आणि चुकून एक्सआयटी बंद राहिलं, तर तुमची हाक थेट डीएक्सच्या डोक्यात. उलट, मुख्य डायल वर पाइलअपमध्ये ठेवून आरआयटीने खाली डीएक्स ऐकत असाल आणि आरआयटी बंद राहिलं, तर बिघडतं ते फक्त तुमचं ऐकणं. म्हणून एकच व्हीएफओ असेल तर मी आरआयटीची वाट सुचवतो. डायलवर डीएक्सचा आकडा दिसत नाही म्हणून ती विचित्र वाटते, पण चूक झालीच तर ती तुमच्या खोलीतच राहते.

> सावध: डायलवर डीएक्सचा आकडा ठेवून, आरआयटी ५ वर सरकवून 'स्प्लिट लावला' असं समजणारे असंख्य. त्यांना पाइलअप छान ऐकू येतो आणि हाक जाते नेमकी डीएक्सवर. एकदा मीही असाच पाऊण तास हाका मारल्या होत्या. ऐकू येणारं कुणीच उत्तर देत नव्हतं, यातच खूण होती. मी मात्र अँटेनाला दोष देत होतो.

अँटेना ट्यूनरचं काम असेल तर ते पाइलअपपासून चांगलं दूर, मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर उरकून घ्या. १० किंवा २० मीटरवर पाच-दहा किलोहर्ट्‌झ सरकल्याने एसडब्ल्यूआरमध्ये (अँटेना किती जुळली आहे ते सांगणारा आकडा) फारसा फरक पडत नाही, परत ट्यून करायची गरज नसते. १६० मीटरवर आणि अरुंद अँटेना असेल तर ८० वर मात्र पडतो, म्हणून तिथे ट्यूनिंग बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीजवळचं हवं. डीएक्सच्या फ्रिक्वेन्सीवर शिट्टी वाजवत ट्यून करण्याला कुठल्याच बँडवर माफी नाही.

टप्पा ३: डीएक्स पकडा आणि डायलला कुलूप लावा

ए वर डीएक्सला नीट बसवा. एसएसबीवर आवाज माणसासारखा वाटेपर्यंत, मोर्सवर स्वर तुमच्या साइडटोनशी (कळ दाबल्यावर स्वतःला ऐकू येणारा स्वर) जुळेपर्यंत. मग लॉक. पण लॉक कशाला लागतं ते आधी पाहून ठेवा. काही रिगवर ते मुख्य नॉबला लागतं, काहींवर दोन्ही व्हीएफओंना. तुम्हाला कुलूप ए ला हवंय आणि बी मोकळा हवा. एक्सएफसी किंवा टीएफ-सेट दाबून धरून नॉब फिरवला की बऱ्याच रिगवर फक्त ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी सरकते. ती सोय आहे का, हे तयारीच्या वेळीच बघून ठेवलेलं बरं.

आता थोडं रिसीव्हरकडे. पाइलअपमधले जवळचे सिग्नल प्रचंड जोरात असतात. प्रीअँप (येणारा सिग्नल वाढवणारा भाग) बंद करा, आरएफ गेन थोडा उतरवा, मोर्सवर एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) वेगवान ठेवा. नॉइज ब्लँकर (खरखर कापणारी सोय) चालू असेल तर काढून बघा. शेजारच्या जोरदार सिग्नलमुळे ब्लँकर बावचळतो आणि डीएक्सचा स्वच्छ आवाजही फाटका करून देतो.

टप्पा ४: तो नेमका कुठे ऐकतोय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. अनुभवी लोक ५ वॉटवर मिळवतात आणि बाकीचे हजार वॉटवर रिकाम्या हाताने उठतात, तो फरक इथेच पडतो. 'अप' ऐकलं की बहुतेक जण बी बरोब्बर ५ किलोहर्ट्‌झ वर लावून बसतात आणि तासभर तिथेच हाका मारतात. त्या नेमक्या आकड्यावर तेवढीच गर्दी असते. डीएक्सला तिथे एक घट्ट गोळा ऐकू येतो, अक्षरं नाहीत.

काम असं करा:

१. डीएक्स कुणाला तरी रिपोर्ट (सिग्नल कसा येतोय ते सांगणारा आकडा) देईल. त्या क्षणी पाइलअप ऐकण्याचं बटण दाबा.

२. आता बी भराभर पट्ट्यातून फिरवा. बहुतेक जण थांबलेले असतील, एकजण मात्र 'फाइव्ह नाइन, थँक यू' म्हणत असेल. मोर्समध्ये तेच आखडून '५एनएन टीयू' असं ऐकू येईल. सापडला.

३. आकडा लिहून घ्या. खरंच कागदावर, कारण डोक्यात राहत नाही.

४. पुढच्या संपर्काला परत तेच. तीन-चार आकडे जमले की चाल दिसू लागते.

चाली साधारण ठरलेल्या असतात. काही ऑपरेटर प्रत्येक संपर्कानंतर थोडे वर सरकतात, पट्ट्याच्या टोकाला पोचले की परत खालून सुरुवात. काही वर जातात आणि तसेच पावलापावलाने खाली येतात. काही जण एकाच जागी तीन-चार जणांना घेऊन मग मोठी उडी मारतात. एक आळशी प्रकारही असतो: जिथे शेवटचा मिळाला तिथेच बसून राहणारा. तिथे मागच्याचा निरोप संपता संपता त्याच जागी एकदा कॉलसाइन टाकणं फळतं. मात्र मागच्याच्या रिपोर्टवर पाय पडला तर ती धसमुसळेगिरी झाली.

चाल कळली की बी जिथे तो *आत्ता* होता तिथे लावायचा नाही, जिथे तो *आता जाणार* आहे तिथे लावायचा. वर सरकणारा असेल तर शेवटच्या आकड्याच्या थोडं वर, आणि तिथे थांबून राहायचं. त्याला तुमच्याकडे येऊ द्या.

किती बारकाईने बसायचं हे मोडवर अवलंबून. एसएसबीवर आवाज २.४ किलोहर्ट्‌झच्या आसपास जागा घेतो, तेव्हा शंभर-दीडशे हर्ट्‌झ इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. मोर्समध्ये मात्र डीएक्सने २५० हर्ट्‌झचा फिल्टर लावला असेल तर ३०० हर्ट्‌झ चुकणं म्हणजे त्याच्यासाठी तुम्ही नसणंच. त्याचा दुसरा अर्थही तितकाच कामाचा: 'अप १' म्हटल्यावर सगळे नेमके १.०० वर चिकटतात, तिथून १.३ किंवा १.४ वर गेलात तर कमी पॉवरचा सिग्नलही उठून दिसतो.

धबधब्यासारखा चालणारा वॉटरफॉल किंवा पॅनॅडॅप्टर (आजूबाजूचे सिग्नल पडद्यावर दाखवणारी सोय) असेल तर दुसरी पायरी डोळ्यांनी होते. डीएक्स कुणाला रिपोर्ट देऊन त्याचं ऐकायला थांबला की पाइलअप विरतो आणि एकच रेघ पुढे चालू राहते. तोच उत्तर देणारा. त्याच पडद्यावर रिकाम्या फटीही दिसतात. पण फट दिसली म्हणून लगेच तिथे उडी मारू नका, कारण पट्ट्याबाहेरची फट काही कामाची नसते. आणि पुन्हा तेच स्किप झोनचं: उत्तर देणारा तुम्हाला न ऐकू येणाऱ्या टापूतला असेल तर पडद्यावर रेघ उमटणारच नाही. पुढच्या संपर्काची वाट बघा, वैतागून अंदाज ठोकू नका.

> तपासा: बी जिथे लावलाय तिथे तुमच्या परवान्याला बोलायची मुभा आहे का? एसएसबीवर डायलचा आकडा पुरेसा नसतो. अपर साइडबँडवर तुमचा सिग्नल डायलच्या वर पसरतो, म्हणून २० मीटरची सीमा १४.३५० असली तरी डायल १४.३४७ च्या पुढे नेणं म्हणजे बाहेर पाय टाकणं. लोअर साइडबँडवर हाच हिशोब खालच्या बाजूने. ४० मीटरवर तर जगभर सीमाही एक नाही. अमेरिका खंडांत हौशी बँड ७.३०० पर्यंत जातो, इतरत्र साधारणपणे ७.२०० ला संपतो. तिकडच्या लोकांसाठी डीएक्स ७.२०० च्या वर ऐकत असेल तर तुम्हीही त्या मागे जायचं असं नाही.

टप्पा ५: हाक

आता कुठे पीटीटीची पाळी. डीएक्स 'क्यूआरझेड' ('मला कोण बोलावतंय?') किंवा 'अप' म्हणाला, की पूर्ण कॉलसाइन एकदा. अर्धा नाही, तीन वेळा नाही. शेवटची दोन अक्षरं देऊन 'आधी लक्ष वेधू' ही युक्ती डीएक्सचं काम दुप्पट करते: आधी तुकडा उचला, मग उरलेला विचारा. आणि तीन वेळा कॉलसाइन देणाऱ्याचा तिसरा फेरा संपेस्तोवर डीएक्सने दुसऱ्याला उत्तर देऊन टाकलेलं असतं.

फोनवर अक्षरांसाठी ठरलेले शब्दच वापरा: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. विनोदी शब्द मित्रांच्या गप्पांत छान वाटतात. गोंगाटात डीएक्सचा कान ओळखीचे शब्द शोधत असतो. मोर्समध्ये वेग त्याच्याइतकाच किंवा किंचित कमी.

मग थांबा आणि ऐका. पुढचं सगळं त्यावर आहे:

१. त्याने दुसऱ्याचा पूर्ण कॉलसाइन घेतला तर गप्प. तो संपर्क संपेपर्यंत बटणाला हात नाही.

२. त्याने तुकडा घेतला, उदाहरणार्थ 'ऑस्कर किलो?', आणि तुमच्या कॉलसाइनमध्ये तो नाही, तरी गप्प. 'कदाचित मलाच म्हणत असेल' असं वाटणारे पन्नास जण एकदम बोलले की ज्याचा तुकडा होता त्याला बिचाऱ्याला कुणी ऐकत नाही.

३. तुकडा तुमचा असेल तर पूर्ण कॉलसाइन एकदा.

४. त्याने खंडाचं किंवा आकड्याचं नाव घेतलं, म्हणजे 'फक्त युरोप' किंवा 'नंबर ४' (कॉलसाइनमधला अंक ४ असलेले), आणि तुम्ही त्यात बसत नसाल, तर चहा घ्या. तेवढ्या वेळात त्याची चाल टिपून घ्या. पाळी आली की उपयोगी पडेल.

> सावध: स्वतःच्या लयीत दर पाच सेकंदांनी हाक मारू नका. बोलताना तुम्ही ऐकत नसता. डीएक्सने तुम्हालाच बोलावलेलं असताना तुम्ही हाक मारत राहिलात, असं रोज घडतं.

दर काही हाकांनंतर पडद्यावर एक नजर: स्प्लिटची खूण आहे ना? ट्रान्समिट बीवरच ना? मधल्या काळात पाइलअप ऐकायला काहीजण एक्सएफसीऐवजी ए आणि बी यांची अदलाबदल करतात आणि उलटवायचं विसरतात. पुढची हाक डीएक्सच्या फ्रिक्वेन्सीवर जाते. म्हणून ऐकण्यासाठी दाबून धरायचं बटणच वापरा. बोट सुटलं की ते आपोआप जागेवर येतं.

टप्पा ६: उत्तर आल्यावर

हात थरथरतात, साहजिक आहे. तरीही फ्रिक्वेन्सीला हात लावू नका. उत्तर मिळालं ते तुम्ही जिथे होतात तिथेच. आनंदात स्प्लिट बंद करून डीएक्सच्या फ्रिक्वेन्सीवर 'थँक यू' म्हणणारे मी ऐकले आहेत.

त्याने तुमचा कॉलसाइन बरोबर घेतला असेल तर तो परत देऊ नका. परत दिलात की त्याला वाटतं काहीतरी चुकलं, आणि तो पुन्हा तपासायला थांबतो. चुकीचा घेतला असेल तरच पूर्ण कॉलसाइन दुरुस्त करून द्या, आणि त्याने बरोबर म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग रिपोर्ट, एक धन्यवाद, बस. हवामान, अँटेना, रिगचं नाव हे सगळं शेकडो जण रांगेत असताना कुणालाच नको असतं.

टप्पा ७: लॉग आणि आवराआवर

लॉगमध्ये वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळ). लॉगिंगच्या एडीआयएफ साच्यात तुमची बोलण्याची आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी ठेवायची सोय असते, ती भरा. सहा महिन्यांनी पुष्टी जुळत नाही तेव्हा ती उपयोगी पडते. क्लस्टरवर स्पॉट (डीएक्स कुठे आहे याची नोंद) टाकणार असाल तर आकडा डीएक्सच्या *बोलण्याच्या* फ्रिक्वेन्सीचा, आणि टिपणीत 'अप ५' असा त्याचा ऐकण्याचा पट्टा. स्वतःची ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी स्पॉट म्हणून टाकली की पुढचे शंभर जण चुकीच्या जागी जाऊन ऐकत बसतात.

आता स्प्लिट बंद करा, एक्सआयटी आणि आरआयटी शून्यावर आणा, लॉक काढा. हे विसरलात तर त्याचा चटका दुसऱ्या दिवशी बसतो: तुम्ही निवांत सीक्यू ('कुणीही उत्तर द्या' ही हाक) देता, उत्तर देणारे तुमच्या ट्रान्समिटवर येतात आणि तुम्ही भलतीकडेच ऐकत असता. क्लस्टरच्या स्पॉटवर क्लिक करून रिग हलवणाऱ्यांनी जास्त जपावं. काही प्रोग्रॅम फक्त व्हीएफओ ए हलवतात. स्प्लिट तसाच चालू राहतो आणि बी मागच्या डीएक्सच्या पट्ट्यात, कधी मागच्या बँडवरही.

एफटी८ वर असाल तर

संगणकाने चालणाऱ्या या डिजिटल मोडमध्ये 'स्प्लिट' शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या प्रोग्रॅमच्या रेडिओ सेटिंगमधला स्प्लिट ('रिग' किंवा 'फेक इट') हा पाइलअपसाठी नाहीच. तुमचा ऑडिओ स्वर १५०० ते २००० हर्ट्‌झमध्ये राहावा आणि त्याचे हार्मोनिक (स्वराच्या पटीतले नको असलेले सिग्नल) बाहेर पडू नयेत, म्हणून प्रोग्रॅम ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी स्वतः हलवतो. तो चालू ठेवा.

डीएक्सचा पाइलअप बऱ्याचदा चालतो फॉक्स (डीएक्स) आणि हाउंड (हाक मारणारे) पद्धतीने. फॉक्स ३०० ते ९०० हर्ट्‌झमध्ये बोलतो, हाउंडने १००० हर्ट्‌झच्या वर हाक मारायची. फॉक्सने उत्तर दिलं की प्रोग्रॅम तुमचा स्वर आपोआप खाली फॉक्सच्या जागी नेतो. तो तुम्ही हाताने हलवायचा नाही. ही पद्धत नेहमीच्या एफटी८ फ्रिक्वेन्सीवर वापरत नाहीत, म्हणून फॉक्सने जाहीर केलेला डायलचा आकडा आधी बघा. संगणकाचं घड्याळ जुळलेलं हवं, हे वेगळं सांगायला नको. आणि हाउंडची खूण न लावता साध्या एफटी८ मध्ये ९०० हर्ट्‌झच्या खाली हाक मारणं, हा डीएक्सच्या फ्रिक्वेन्सीवर ओरडण्याचाच संगणकी अवतार.

दुसऱ्याची चूक दिसली तर

काही करू नका. कुणीतरी डीएक्सवर हाक मारली की 'अप!' म्हणायला बोट शिवशिवतं. पण तुम्ही ते म्हटलंत की डीएक्सवर दोघं झाले, आणि ज्याला सांगायचं तो बहुधा तेव्हा बोलतच असतो, त्याला काही ऐकू जात नाही. चुकलेल्याला तीस सेकंदांत कळतं किंवा तो कंटाळून जातो. दटावणाऱ्यांची साखळी मात्र पाच-पाच मिनिटं चालते.

पाइलअप तुमच्यावरच झाला तर

कधी तुम्हीच दुर्मिळ ठिकाणी असता. सिम्प्लेक्सवर (बोलणं-ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर) हाका एकमेकांवर चढू लागल्या, कॉलसाइन दोनदा विचारावा लागू लागला, की स्प्लिट लावायची वेळ झाली. आधी वरचा पट्टा ऐकून बघा. तिथे कुणाचं संभाषण चालू असेल तर तुमचा पाइलअप त्यांना झोडपून काढेल. पट्टा जेमतेम पुरेल एवढाच घ्या, मोर्समध्ये दोन-तीन किलोहर्ट्‌झ, फोनवर पाच ते दहा. आणि प्रत्येक संपर्काच्या शेवटी कॉलसाइन आणि 'अप'. प्रत्येक. दर दहा सेकंदांनी कुणीतरी नवा तुमच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन थांबलेला असतो, आणि तुम्ही ते एकदा गाळलंत की पहिला टप्पा नीट न वाचलेला कुणीतरी तुमच्या डोक्यावर बसलाच म्हणून समजा.